तिन्ही ऋतूंचा तंबू
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर लोणच्या-मुरांब्यांपासून बँकेच्या खात्यापर्यंत पुष्कळ विषयांवर भाषणे झाली. तंबूवर मात्र कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. गेल्या सभेत आपण ठरवले की, आपल्या ज्या मुली आणि सुना डोंगर चढायला जातात, त्यांच्यासाठी वर्गणीच्या शिलकेतून तंबू घ्यावेत. ठराव एकमताने झाला, पण तंबू कोणता यावर मात्र दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, सहाजणींचा एकच मोठा घ्यावा, स्वस्त पडेल. काहीजणी म्हणाल्या, घ्यायचाच तर बर्फातही टिकणारा घ्यावा, म्हणजे पुन्हा बघायला नको. शेवटी अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "तुमच्याकडे तंबू दुरुस्तीला येतात, तेव्हा तुम्हीच काय ते सांगा."

मी काही गिर्यारोहक नव्हे. पण गेली सात-आठ वर्षे डोंगरावर जाणारी मुले आपले तंबू माझ्या मशीनवर घेऊन येतात. कुणाची चेन तुटलेली असते, कुणाची शिवण उसवलेली, कुणाचे कापड काठीने आरपार गेलेले. फाटलेली वस्तू हातात आली की ती कुठे कमी पडली ते आपल्या बायकांना लगेच कळते. त्या जोरावरच मी आज बोलणार आहे.

तंबू आपल्याला नवा नाही. राहुटी, पाल, डेरा, कनात हे सारे शब्द आपल्याच भाषेत आहेत. आषाढीच्या वारीत दिंडीच्या राहुट्या दर मुक्कामाला उभ्या राहतात आणि पहाटे पुन्हा मालमोटारीत चढतात. जुनी राहुटी जाड सुती कापडाची असे. पाऊस लागला की सूत फुगते, विणीतली भोके बुजतात आणि पाणी आत येत नाही. मात्र आतून त्या कापडाला बोट लावले, तर तिथूनच गळू लागते, हे वारीला गेलेल्या बायकांना ठाऊक आहे. असा तंबू उत्तम खरा, पण तो वाहायला मालमोटार लागते. आपल्या मुलींना तंबू पाठीवर घ्यायचा आहे. म्हणून तो नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा हवा, आणि इथूनच सारी अडचण सुरू होते.

अडचण अशी की, सुती कापड श्वास घेते, हे कापड घेत नाही. त्यावर पाणी अडवण्यासाठी लेप दिलेला असतो. बाहेरचे पाणी आत येत नाही, तसेच आतली वाफही बाहेर जात नाही. आपण भात झाकून ठेवतो तेव्हा झाकणाला आतून थेंब धरतात, तोच प्रकार. दोन माणसे रात्रभर श्वास सोडतात, बाहेर गारठा असतो, आणि पहाटे तंबूच्या आतून पाणी टपकू लागते. पुष्कळ मुले माझ्याकडे येऊन सांगतात, "काकू, तंबू गळतो, बघा." मी बाहेरून पाणी ओतून पाहते, तर थेंबभरही आत येत नाही. गळती नसतेच, त्यांचाच श्वास पाणी होऊन त्यांच्या अंगावर पडलेला असतो.

यावर उपाय म्हणजे दुहेरी तंबू. आत जाळीचा पडदा आणि त्यावर, मध्ये चार बोटे मोकळी जागा ठेवून, पाणी न शिरणारे आच्छादन. दुकानदार त्याला फ्लाय म्हणतात. वाफ जाळीतून बाहेर पडते, आच्छादनाला आतून धरते आणि कडेने खाली ओघळते. अंथरूण कोरडे राहते. आच्छादनाला वरच्या बाजूला झडप असलेली खिडकी हवी, आणि ती थंडीतही थोडी उघडी ठेवायला हवी. मुली गारठ्याला भिऊन ती बंद करतात आणि मग ओल्या होतात. एकेरी कापडाचा तंबू हलका असतो, स्वस्तही असतो, पण आपल्या दमट हवेत मी तो कुणाला घ्यायला सांगणार नाही.

आता ऋतूंकडे वळू. तंबूवर 'थ्री सीझन' आणि 'फोर सीझन' अशी अक्षरे असतात. आपल्याला वाटते, तीन ऋतू म्हणजे आपले उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. तसे ते नाही. ही नावे थंड देशांत पडली. त्यांचे तीन ऋतू म्हणजे वसंत, उन्हाळा आणि पानगळ. चौथा त्यांचा हिवाळा, म्हणजे बर्फाचा. आपला मोसमी पाऊस त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नाही. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तेव्हा नुसती अक्षरे वाचून तंबू घेऊ नये. आपल्या मुली कुठे आणि केव्हा जातात, ते आधी पाहावे.

त्या जातात मुख्यतः सह्याद्रीत. दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत कळसूबाई, हरिश्चंद्रगड, साल्हेर. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आणि साल्हेर १५६७ मीटर. वर बर्फ पडत नाही, पण वारा असा की उभे राहवत नाही. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरल्याची बातमी आपण थंडीत वाचतो, त्यावरून डोंगरावर काय असेल ते ओळखावे. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, तंबू ऊब देत नाही. तो फक्त वारा आणि दव अडवतो. ऊब येते ती अंथरुणातून, आणि थंडी अंगात शिरते ती जमिनीतून. म्हणून तंबूवर सारे पैसे घालवू नयेत. खाली घालायची फोमची चटई आणि बऱ्यापैकी स्लीपिंग बॅग यांसाठी राखून ठेवावेत. दुसरी गोष्ट, वाऱ्यात उंच तंबू टिकत नाही. ज्यात ताठ उभे राहता येते तो तंबू बागेत शोभतो. डोंगरावर बुटका, घुमटासारखा तंबू हवा.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात उलटे होते. दिवस उगवला की तासाभरात तंबूची भट्टी होते. तेव्हा आतली जाळीच कामाला येते. आकाश निरभ्र असेल तर आच्छादन न चढवता नुसत्या जाळीत झोपावे. डास येत नाहीत आणि वारा खेळता राहतो. मात्र आच्छादन उशाशी ठेवावे, कारण वळवाचा पाऊस विचारून येत नाही.

राहिला पावसाळा. मी स्पष्टच सांगते, भर पावसात डोंगरमाथ्यावर तंबूत राहण्याचा हट्ट मुलींनी धरू नये. पाऊस आडवा येतो, जमीन पाणी सोडते आणि भिजलेल्या तंबूचे वजन वाढते. आपल्या डोंगरांना पायथ्याची गावे आहेत. कळसूबाईखाली बारी, हरिश्चंद्रगडाखाली पाचनई. तिथे घरगुती जेवण आणि ओसरीची किंवा खोलीची सोय होते, आणि गावातल्या बाईला चार पैसे मिळतात. तीन महिन्यांच्या मुसळधार पावसासाठी दुप्पट किमतीचा तंबू घेण्यापेक्षा हे केव्हाही बरे. आपला तंबू जूनच्या पहिल्या सरी आणि सप्टेंबरातला परतीचा पाऊस एवढा सोसणारा असला की पुरे.

तो सोसतो की नाही हे कसे ओळखावे? कापडावर मिलिमीटरचा आकडा दिलेला असतो. कापडावर उभी नळी धरून तीत पाणी भरत जातात. किती उंचीला पाणी पाझरू लागले, तो हा आकडा. बाहेरच्या आच्छादनाला २००० ते ३००० असावा. तळाला ३००० किंवा अधिक असावा, कारण तळावर आपण बसतो, गुडघा टेकतो आणि त्या दाबाने खालची ओल वर येते. तळाचे कापड परातीच्या काठासारखे चारी बाजूंनी वीतभर वर वळलेले हवे, म्हणजे वाहते पाणी आत शिरत नाही. आणि आच्छादन जमिनीपर्यंत यायला हवे. काही तंबूंचे आच्छादन टोपीसारखे नुसते माथ्यावर असते. ते दवाला चालेल, पावसाला नाही.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे शिवणीकडे. कापड कितीही चांगले असले तरी सुईने भोक पडतेच. म्हणून चांगल्या तंबूच्या प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते. दुकानात तंबू उलटा करून ती पट्टी बोटाने चाचपून पाहावी. कोपऱ्यांत आणि दोऱ्या जिथे अडकवतात तिथे कापड दुहेरी आहे का, टाके दाट आहेत का, हेही पाहावे. माझ्याकडे येणाऱ्या दहा तंबूंपैकी निम्मे त्या कोपऱ्यांतच उसवलेले असतात. चेन दहा वेळा ओढून बघावी. कापड चेनीत अडकत असेल तर तो तंबू तिथेच ठेवून यावे.

काठ्या दोन प्रकारच्या येतात. फायबर ग्लासच्या स्वस्त, पण जड. त्या जोरात वाकल्या की चिरतात आणि चिरलेले टोक कापडात घुसते. अॅल्युमिनियमच्या हलक्या. त्या फार तर वाकतात आणि जागेवर दुरुस्त करता येतात. काठीवर बसवायची बोटभर नळी सोबत मिळते. मोडलेल्या जागी ती सरकवून वरून चिकटपट्टी गुंडाळली की रात्र निभते. तेव्हा अॅल्युमिनियमच्याच घ्याव्यात. शिवाय तंबू खुंट्यांवाचून नुसत्या काठ्यांवर उभा राहणारा असावा. आपल्या सह्याद्रीचा माथा म्हणजे काळा कातळ. त्यात खुंटी जात नाही. काठ्यांवर तंबू उभा करून दोऱ्या मोठ्या दगडांना बांधता येतात. पण उभा राहतो म्हणून बांधायचा नाही असे मात्र करू नये. रिकामा तंबू वाऱ्याने पतंगासारखा दरीत गेल्याच्या गोष्टी मी मुलांकडून ऐकल्या आहेत.

कापडात नायलॉन मजबूत आणि हलके, पण ओले झाले की सैल पडते. म्हणून झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर थोडे जड, पण ओले झाले तरी सहसा ताण सोडत नाही आणि उन्हातही जास्त टिकते. आपल्याकडचे ऊन आणि मंडळाची शिल्लक पाहता मला पॉलिएस्टर बरे वाटते.

मोठा तंबू की छोटा, हा आपला मुख्य वाद. त्याचा हिशेब आपण घरखर्चासारखा मांडू. पाठीवरचे ओझे अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नसावे असे जाणते सांगतात. मुलगी पन्नास किलोची धरली तर दहा किलो झाले. त्यात तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. अंथरूण दीड, कपडे दीड, खाणे एक आणि रिकामी सॅक दीड. हे झाले साडेआठ. उरला दीड किलो. दोघींच्या तंबूचे कापड एकीने आणि काठ्या-खुंट्या दुसरीने घेतल्या, तर तंबू तीन किलोपर्यंतचा चालतो. सहाजणींचा मोठा तंबू एकाच पिशवीत येतो आणि तो सरळ गाडीच्या डिकीत जातो. तो डोंगरावर जाणार नाही, मंडळाच्या माळ्यावर राहील. शिवाय दोघीच जायच्या असल्या तरी तोच न्यावा लागेल, आणि त्याला सपाट जागाही तेवढीच मोठी लागेल.

आणखी एक. 'दोन माणसांचा' म्हणून विकतात तो दोघी अगदी खेटून झोपल्या तरच पुरतो. सामान ठेवायला जागा उरत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना दारे असलेला आणि प्रत्येक दाराबाहेर आच्छादनाची छोटी पडवी असलेला तंबू घ्यावा. ओले बूट आणि सॅक पडवीत राहतात. रात्री एकीला उठायचे झाले तर दुसरीला ओलांडावे लागत नाही. कपडे बदलायला, पाळीच्या दिवसांत आपले आवरायला आडोसा मिळतो. या गोष्टी दुकानातला पुरुष आपण होऊन सांगत नाही. आपणच विचाराव्यात, लाजू नये. आणि दुकानात तंबू उभा करायला लावून त्यात खुशाल आडवे होऊन पाहावे. साडी घेताना आपण दहा घड्या मोडायला लावतो, मग इथे संकोच कशाला?

बर्फातल्या तंबूबद्दल माझे मत विरुद्ध आहे. तो बर्फाचा भार आणि वादळ सोसण्यासाठी केलेला असतो. कापड जाड, काठ्या जास्त, जाळी कमी. आपल्याकडे तो जड होईल, उकडेल आणि किंमतही फार जास्त. मे महिन्यात आपल्या मुली हिमाचलात शिबिराला जातात, तिथे तंबू शिबिरवालेच देतात. मग वर्षातल्या आठ दिवसांसाठी पैसे कशाला अडकवायचे?

शिवाय चांगला तंबू घेतला म्हणजे निर्धास्त झालो, असे नसते. १९८४ साली बचेंद्री पाल एव्हरेस्ट चढत होत्या. माथ्यावर पोचण्याच्या आठवडाभर आधी, मे महिन्यातल्या एका रात्री, तिसऱ्या तळावर त्या झोपल्या असताना बर्फाचा कडा कोसळला आणि तंबू गाडला गेला. साथीदाराने आतून चाकूने तंबू फाडून वाट केली. त्या वाचल्या आणि २३ मे १९८४ रोजी माथ्यावर पोचल्या. ८ जुलै २०२२ रोजी अमरनाथच्या गुहेजवळ अचानक पाण्याचा लोंढा आला आणि यात्रेकरूंचे तंबू वाहून गेले. कित्येक माणसे दगावली. कापड कितीही मोलाचे असो, जागा चुकली की ते काही करू शकत नाही. म्हणून मुलींना हे नीट शिकवावे: ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू लावायचा नाही, पाऊस इथे नसला तरी वर पडलेला असतो. कड्याच्या टोकावर, सुटणाऱ्या दगडांखाली किंवा वठलेल्या झाडाखाली लावायचा नाही. वीज कडाडू लागली तर तंबू विजेपासून वाचवत नाही. माथ्यावरून आणि एकट्या झाडापासून दूर व्हायचे. तंबू लावण्यापूर्वी वनखात्याला किंवा गावात विचारून परवानगी घ्यायची.

आणि सर्वांत महत्त्वाचे, तंबूच्या आत स्टोव्ह, शेगडी किंवा निखारे कधीही ठेवायचे नाहीत, कितीही थंडी असो. कापड पेटायला क्षण लागत नाही. आणि पेटले नाही तरी बंद जागेत विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपेत माणूस जातो आणि कळतही नाही. ही एक गोष्ट ऐकून घरी गेलात तरी माझे बोलणे सार्थकी लागले.

राखणीबद्दल आपल्याला वेगळे शिकवायला नको. ओला तंबू गुंडाळून ठेवायचा नाही. सहलीहून आल्यावर त्याच दिवशी दोरीवर सावलीत वाळवायचा. पावडर लावायची नाही, मशीनमध्ये घालायचा नाही. साध्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसायचा. आवळून न बांधता सैल पिशवीत कोरड्या जागी ठेवायचा. दमट जागी ठेवला तर आतला लेप चिकट होतो, वास मारतो आणि पापुद्र्यासारखा निघतो. मग तो तंबू माझ्याकडे आणूनही उपयोग नाही. उसवले तर मी शिवून देईन, पण शिवल्यावर टाक्यांवर मेण किंवा शिवण बुजवायचा लेप लावावाच लागतो.

आपल्यापैकी काहींना वाटेल, बायकांनी एवढे कशाला करावे? जपानच्या जुन्को ताबेई यांची हकिगत ऐका. १९६९ साली त्यांनी बायकांचे गिर्यारोहण मंडळ काढले. एव्हरेस्टला जायचे तर पैसे पुरेनात. तेव्हा बायकांनी स्लीपिंग बॅगा स्वतः शिवल्या, मोटारीच्या आसनांच्या कापडातून पिशव्या आणि हातमोज्यांवरची आवरणे केली. ताबेई पियानो शिकवून पैसे जमवीत. घरात तीन वर्षांची मुलगी होती. १६ मे १९७५ रोजी त्या एव्हरेस्टवर पोचल्या, जगातल्या पहिल्या बाई. ते मंडळही आपल्यासारख्याच बायकांचे होते.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. मोठा तंबू नको आणि बर्फाचाही नको. दोघींचे दोन घ्यावेत: दुहेरी, जाळीदार, घुमटाकार, अॅल्युमिनियमच्या काठ्यांचे, दोन दारांचे, प्रत्येकी तीन किलोच्या आतले. बाजारात दीड-दोन हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत तंबू मिळतात. आपण मधल्या किमतीचे पाहावेत. उरलेल्या पैशांतून चार फोमच्या चटया घ्याव्यात. घेण्यापूर्वी तसलाच एक तंबू भाड्याने आणून एक रात्र वापरून पाहावा. आणि नेण्यापूर्वी प्रत्येक मुलीने तो गच्चीवर अंधारात, कंदिलाशिवाय उभा करून दाखवावा. डोंगरावर रात्री पाऊस लागला की तेव्हा शिकायला वेळ नसतो.

खरेदीला मी येईन. शिवणी मी तपासीन, बाकीचा भाव तुम्ही करा.